तक्रार नाही

आमच्या साहेबांच्या कापडी पिशवीत सरकारी फॉर्मांचा गठ्ठा असे, आणि गठ्ठ्याला टेकून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. कुपीचं बूच ढिलं होतं. त्यामुळे आमच्या यवतमाळच्या पाहणी कार्यालयातून वर जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर तेलाचा पिवळा डाग असायचा, आणि वरून दर महिन्याला त्याबद्दल खरमरीत पत्र यायचं. ते पत्र ते दोनदा वाचत, त्याचा एक तुकडा फाडत आणि बुचाभोवती गुंडाळून बूच घट्ट बसवत. मग आठवडाभर डाग पडत नसे.

तेल कशाला लागायचं? तर ज्या घरी चौकशीला जावं तिथं काहीतरी कुरकुरत असतंच. दाराची बिजागरी, पाळण्याची कडी, विहिरीचं चाक. हे गृहस्थ घरात शिरले की फॉर्म काढायचेच नाहीत. आधी कान लावून कुरकुर शोधायची, मग उकिडवं बसून तिला तेल पाजायचं, आणि पाजता पाजता घरच्या बाईला विचारायचं, "काय तरास हाये व माय?" हात कामात असलेल्या माणसाशी बाई मोकळं बोलते, हातात कागद दिसला की तिच्या तोंडाला कुलूप लागतं, असं त्यांचं म्हणणं. भर उन्हाळ्यात काळा कोट घालून दुसऱ्याच्या दाराला तेल घालणारा सरकारी माणूस दारव्हा तालुक्याने आधी कधी पाहिला नव्हता. गावोगाव त्यांना 'तरासवाले साहेब' म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे लोकांना त्रास देतात म्हणून हे नाव पडलं असेल. तसे द्यायचेही, पण तो फक्त मला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्याआधी चार वर्षं आम्ही मुंबई राज्यात होतो, आणि त्याच्याही आधी आमचं सगळं नागपूरला. साहेब नवे, शिक्के नवे आणि फॉर्मांवरची भाषाही नवी. ती मुंबईहून छापूनच यायची. आमचं काम दिसायला सोपं होतं. दवाखाने, बाळंतपणाची केंद्रं, निराधार माणसांसाठीच्या सोयी लोकांपर्यंत खरोखर पोचतात का, पोचत नसतील तर काय बदलायला हवं, हे घरोघर विचारून वर कळवायचं. ते मुख्य तपासनीस. मी त्यांच्या हाताखाली, तात्पुरती.

'तात्पुरती' हा शब्द तेव्हा माझ्या छातीवर धोंड्यासारखा बसलेला असायचा. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देव्हाऱ्याची भिंत मोकळी झाली होती. बाबांनी तिथला खिळा तसाच ठेवला. मला म्हणाले, "इथी तुह्या नोकरीचा कागद टांगू. पक्क्या नोकरीचा, बरं." चुलत्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी तो खिळा पाहिलेला होता. त्यामुळे माझं सगळं लक्ष फॉर्म किती भरून होतात याच्याकडे, आणि साहेबांचं लक्ष कुरकुरीकडे. दिवसाला माझे पंधरा-वीस फॉर्म होत. त्यांचे दोन, एखाद्या दिवशी तर एकच.

ते मूळचे पुसदचे. वडील शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री. घरात उर्दू, शाळेत मराठी, पुढे नागपूरला शिकून बी. ए. झाले. पण कामाची रीत त्यांनी कॉलेजातून उचलली नव्हती, ती वडिलांच्या दुकानातली होती. ते म्हणत, "मशीन कुठी अडते थे चालवनारीले मालूम असते, बेटी. इकनाऱ्याले नाही." म्हणून गावात गेल्यावर ते सरपंचाच्या ओसरीवर टेकत नसत. सरपंच सतरंजी अंथरून, चहा टाकून वाट बघतोय आणि हे मात्र थेट शेवटच्या घरी. लोकांच्या चपला कुठे झिजतात ते पाहायचं, असं सांगून ते पाणी भरायच्या वाटेनं गावात शिरायचे. मी पांढरं लुगडं सावरत, काट्याकुट्यांतून मागे.

चारचौघांत ते मला 'बाई' म्हणत, एकटी असले की 'बेटी'. काही घरी मला अंगणाच्या बाहेरूनच प्रश्न विचारावे लागत. मी कोण, हे लोकांना न सांगता कळायचं. अशा घरी ते माझ्याबरोबर बाहेरच उभे राहत. आत या म्हटलं तरी हलायचे नाहीत. एकदा एका घरच्या मालकानं फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "बाईचा फॉर्म बाहेर भरते, माहा कसा अंदर भरीन?" आणि त्या घराच्या फाटकालाच तेल घातलं. त्यांनी त्यावर माझ्याशी कधी एक शब्द काढला नाही, मीही काढला नाही.

एका शब्दाची त्यांना भारी चीड होती. 'अंदाजे'. मी एकदा वयाच्या रकान्यात 'अंदाजे चाळीस' लिहिलं, तर त्यांनी मला परत त्या बाईकडे पाठवलं. उन्हातून दीड मैल. "अंदाजे म्हनजे खोटंच असते," ते म्हणाले, "फक्त कपडे चांगले घालून येते." बाई जशी बोलली तसंच लिहायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. 'मले दवाखान्यात जाची लाज वाटते, तथी पडदा नाही' असं कोणी म्हटलं तर अक्षर न अक्षर तसंच. वर कुणीतरी लाल शाईनं ते शुद्ध करी. परत आलेला कागद पाहून ते कळवळायचे. "बाई अशी बोललीच नाही," म्हणायचे, "ही दुसरीच कोनी बाई हाये."

एवढा खऱ्याचा कैवारी माणूस. हे मी आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढे त्यांच्या नावामागे जे लागलं ते याच्या अगदी उलट होतं.

दारव्ह्यापासून आत, नाल्यापलीकडे एक गाव होतं. तिथं बाळंतपणाचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, तर एक खोली, दोन खाटा आणि एक नर्सबाई. पण आजूबाजूच्या सात-आठ गावांतल्या आणि दोन तांड्यांवरच्या बाया तिथं येत. ते केंद्र तिथून उचलून अडीच कोसांवरच्या, पक्क्या सडकेवरच्या गावी न्यावं असं वर कुणाच्या तरी मनात आलं. तिथं इमारत चांगली, मोटार दारापर्यंत जाते. नकाशावर पाहिलं तर कुणालाही पटावं. आम्हाला हुकूम आला, लोकांचं मत घ्या.

साहेबांनी नकाशा बाजूला ठेवला आणि गावातल्या एका घरून दोन पायल्या ज्वारी मागून आणली. ती त्याच घरच्या एका जुन्या धोतरात गुंडाळली आणि पोटाला बांधायला लागले. गाठ मागे जाईना. त्या घरची सून हसत हसत पुढे झाली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. सासूकडे एकदा पाहून घेऊन तिनं साहेबांच्या पाठीशी करकचून गाठ मारली. सासू पदरात तोंड लपवून म्हणाली, "बाप्पा बाप्पा, साहेबाले तं दिवस गेले!" सगळी आळी गोळा झाली. साहेब गंभीर. "नववा लागला," म्हणाले, आणि कोटाखाली ते पोट घेऊन निघाले सडकेच्या गावाकडे. चैत्राचं ऊन. मी सोबत. नाल्यात तेव्हा घोट्याइतकंही पाणी नव्हतं, पण उतरायची आणि चढायची दरड अशी की चढताना ते दोनदा गुडघ्यांवर आले. पाच ठिकाणी बसावं लागलं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी लिहून घेतलं: इथं सावली नाही, इथं पाणी नाही. सडकेच्या गावी पोचलो तेव्हा त्यांचे ओठ निळसर पडले होते. पोरं मागे लागली होती, चहाच्या दुकानातले लोक पोट धरून हसत होते. मीही हसले. मला तेव्हा त्या माणसाची लाजच वाटली होती, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी ते तापानं फणफणले. हिवताप उलटला होता. नर्सबाईंच्या केंद्राच्या पडवीत खाटेवर पडून राहिले आणि मला म्हणाले, "तू सुरू कर, मी येतो." फॉर्मवर भरून घेणाऱ्याची सही लागायची आणि तात्पुरत्या माणसाला सहीचा अधिकार नव्हता. म्हणून त्यांनी माझ्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर आधीच सह्या करून दिल्या. एवढा विश्वास.

मी तीन दिवस घरोघर फिरले. अकरावा प्रश्न महत्त्वाचा होता: 'केंद्र पक्क्या सडकेवरील गावी हलविल्यास आपली काही तक्रार आहे काय?' मी जसा छापला होता तसा मोठ्यानं वाचायची. माणसं लगबगीनं म्हणायची, "नाई बा, आमची काहून तक्रार राहीन?" बाया म्हणायच्या, "नाई व बाई, आमची कोनासंगच तक्रार नाई." त्या गाठ मारणाऱ्या सुनेला विचारलं तर ती पण तेच. मी लिहायची, नाही. पुढचं घर, नाही. साठ घरं झाली. साठ वेळा नाही.

संध्याकाळी मोठ्या दिमाखानं गठ्ठा साहेबांसमोर ठेवला. ते पडल्या पडल्या चाळायला लागले. पाच, दहा, पंधरा. मग उठून बसले. 

"बेटी, काय पुसलं तू?"

"छापलंय तेच."

"तक्रार हाये का म्हनून?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "आपल्याकडे तक्रार म्हनजे काय होते? सांग. तुह्या घरी, तुह्या आळीत. दोघी जनी नळावर तक्रार करून राह्यल्या म्हनजे काय करून राह्यल्या?"

"भांडून राह्यल्या," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

फॉर्म लिहिणाऱ्याच्या गावी तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. आमच्या मुलखात, उर्दूतून आलेला तो शब्द, तक्रार म्हणजे भांडण. मी साठ घरी जाऊन विचारलं होतं, तुमचं कुणाशी भांडण आहे का? आणि साठ घरांनी, भल्या माणसांनी सांगावं तसं सांगितलं होतं, नाही बाई, आमचं कुणाशी भांडण नाही. मी याच मातीतली. माझ्या आईच्या तोंडी तोच शब्द, त्याच अर्थानं. पण छापील कागद हातात आला आणि मी आईची भाषा विसरले.

"पुन्हा जावं लागते," साहेब म्हणाले.

मला रडू आणि राग दोन्ही एकदम आले. पायांना फोड आलेले. मी म्हणाले, "मी काही खोटं लिहिलं का? जे म्हणाले तेच लिहिलं."

"नाही बेटी," ते म्हणाले, "खरंच लिहिलं. थेच तं पंचाईत हाये."

अंगात ताप असताना दुसऱ्या दिवशी ते उठले. माझी राहिलेली सात घरं आधी केली. 'खोली सडकेवर गेली तं काय तरास होईन?' असं त्यांनी विचारलं, आणि लोक असे बोलले की फॉर्मवर जागा पुरेना. त्यांनी खळीनं जास्तीचे कागद चिकटवले. नाला, दरड, पावसाळ्यातले चार महिने, एकट्या बाईनं कोणासोबत जायचं, घरी राहिलेली लेकरं. सात घरं करून ते पुन्हा खाटेवर पडले, ते उठेचनात. तिसऱ्या दिवशी यवतमाळहून शिपाई आला. फॉर्म ताबडतोब पाठवा, मोठे साहेब थांबले आहेत.

ते गुंगीत होते. मी शिपायाला म्हणू शकले असते, दोन दिवस थांबा, काम व्हायचं आहे. गठ्ठा माझ्या हातात होता. वेळेवर काम देणाऱ्यांची नावं पक्क्या नोकरीसाठी जाणार आहेत, असं शिपाई सहज बोलून गेला. मी सदुसष्ट फॉर्म त्याच्या पिशवीत घातले. साहेब शुद्धीवर आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी वर तीन पत्रं लिहिली, एक शब्द चुकला आहे म्हणून. एकाच पत्राला उत्तर आलं: फॉर्म छापून झाले आहेत, शब्दात बदल करता येणार नाही.

ज्येष्ठात केंद्र हललं. नर्सबाई बैलबंडीत खाटा घालून रडत गेल्या.

श्रावण संपता संपता ती सून गेली. जिनं गाठ मारली होती ती. सातव्यातच कळा सुरू झाल्या. नाल्याला कमरेच्या वर पाणी. नवरा आणि दीर तिला खाटेवर घालून गावाकडच्या काठाला पाणी उतरायची वाट पाहत बसले. सकाळपासून दुपारपर्यंत. पलीकडे नर्सबाई येऊन उभ्या होत्या, त्यांना कुणीतरी निरोप दिला होता. त्या काठावरून ओरडून सांगत होत्या, तिला डाव्या कुशीवर करा, पाय वर घ्या, आणि पाण्याच्या आवाजात इकडे काही ऐकू येत नव्हतं. बाई गेली, मूलही गेलं. हे मला नर्सबाईंनीच सांगितलं. सांगताना त्या अजून ओरडतच होत्या.

गावानं पहिल्यांदा आवाज केला. मोठे साहेब चौकशीला आले. दारव्ह्याच्या विश्रामगृहात टेबलावर आमचे सदुसष्ट फॉर्म ठेवलेले. खोलीत ते, आम्ही दोघं आणि एक कारकून. मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. पण ते कागदाला बांधलेले होते.

"साठ घरांनी तक्रार नाही म्हणून सांगितलं आहे," मोठे साहेब म्हणाले. "सात घरं वेगळं म्हणतात. एक दुर्दैवी घटना घडली म्हणून लोकमताविरुद्ध जाता येत नाही. ही पाहणी खोटी असती तर गोष्ट वेगळी होती. मग ती रद्द झाली असती, आणि नवी होईपर्यंत केंद्र मूळ जागी ठेवावं लागलं असतं."

आमचे साहेब खिडकीबाहेर पाहत होते. शब्दाचा घोळ त्यांनी तासभर समजावून सांगितला होता. कारकुनानं शब्दकोश काढून दाखवला होता, तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. ते वळले आणि एकदम शुद्ध मराठीत बोलले. त्यांच्या तोंडून तशी भाषा मी पहिल्यांदाच ऐकली.

"पाहणी खोटीच आहे, साहेब. ते साठ फॉर्म मी खाटेवर बसून भरले. एकाही घरी गेलो नाही. खाली सही माझी आहे."

"का?"

"कंटाळा आला होता."

मोठ्या साहेबांनी गठ्ठ्यावरचा पहिला फॉर्म उचलून खालची सही पाहिली. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही त्यांच्या सोबत होतात. हे खरं आहे?"

माझ्या जिभेवर शब्द होते. साठही घरांची दारं माझ्या डोळ्यांपुढे होती. आणि त्यांच्या पलीकडे आमच्या भिंतीवरचा तो खिळाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मी खाली पाहिलं.

"त्या तेव्हा नर्सबाईंकडे होत्या," आमचे साहेब म्हणाले. "त्यांना काही माहीत नाही." कारकुनानं ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. मी आत जाते, खरं सांगते, असं काहीतरी बोलले. ते पिशवी खांद्याला अडकवत म्हणाले, "तू खरं सांगशीन तं थे फॉर्म खरे होतीन. फॉर्म खरे झाले तं खोली वापस येत नाही. समजलं का?" मग म्हणाले, "माह्या घरी मी सांगीन काय सांगाचं थे. तू तुह्या घरी जाय." आणि काळ्या कोटात मोटारस्टँडकडे चालायला लागले. मी त्यांच्यासोबत स्टँडपर्यंतसुद्धा गेले नाही.

दिवाळीच्या आधी केंद्र नाल्यापलीकडे परत आलं. नवी पाहणी झाली, फॉर्मवर 'अडचण' असा शब्द आला, आणि केंद्र कायमचं तिथंच राहिलं. साहेबांना काढून टाकल्याचा कागद पुसदला त्यांच्या घरी टपालानं गेला. माझा पक्क्या नोकरीचा कागद त्याच हिवाळ्यात आला. बाबांनी तो चौकटीत बसवून खिळ्याला टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायची.

कचेरीत खरं सांगायचं नव्हतं, हे मान्य. पण पुसदला जाऊन त्यांच्या माणसांना सांगायला कुणी अडवलं होतं? पहिलं वर्ष मी मनाला सांगितलं, केंद्र नीट बसू दे. दुसऱ्या वर्षी सांगितलं, आता ते विसरले असतील. कामानं दोनदा पुसदला गेले. एकदा त्यांच्या दुकानासमोरून गेले. वडिलांच्या जागी ते बसलेले होते, मशीन उलटं करून त्यात डोकं घातलेलं. त्यांना एका शाळेनं मास्तर म्हणून ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, मग मागचं कळल्यावर नको म्हटलं, असं माझ्या कानावर आलं होतं. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं निघून गेले. अशी सहा वर्षं गेली.

नर्सबाईंचा निरोप आला, तुमचे साहेब गेले. मी तिसऱ्या दिवशी पुसदला पोचले.

घर दुकानाच्या मागेच होतं. शेजारच्या बाया बसून होत्या, त्या हळूहळू उठून गेल्या. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. बारीक चणीची, शांत चेहऱ्याची बाई. मी नाव सांगितलं. तिला ते माहीत होतं.

"तुमी त्यायच्यासंग कामाले होत्या न? दारव्ह्याले?"

"हो चाची."

तिनं मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "एक गोठ पुसू का बेटी? खरं सांगशीन?"

"विचारा."

"थे फॉर्म त्यायनं सच्चीच घरी बसून भरले होते का?"

मला वाटलं होतं, त्यांनी घरी सांगितलं असेल. मी सहा वर्षं हेच धरून चालले होते, आणि त्याच्याच भरवशावर मी आले नव्हते. मी विचारलं, "ते तुम्हाला काही बोलले नाहीत?"

"घरी आले त्या दिवशी म्हने, नोकरी गेली, माहीच चूक झाली. तेवढंच. मंग कागद आला, त्याच्यावर लिवलं होतं का खोटे फॉर्म भरले अन् त्याच्यानं एक पोरगी मेली." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी कधी पुसलं नाही. थे मले कधी खोटं बोलत नव्हते. पुसलं असतं अन् थे हो म्हनले असते तं? म्हनून नाही पुसलं."

मग मी सांगितलं. सगळं. शब्द, साठ घरं, तो शिपाई, विश्रामगृहातली खोली, मी खाली घातलेली मान. सांगताना माझा आवाज एकदाही फुटला नाही, याची मला आजही लाज वाटते. दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक हाक मारून निघून गेलं.

"सहा वर्स," ती शेवटी म्हणाली. "त्यायले वाढलं, त्यायचे कपडे धुतले, बीमारीत पाय दाबले. पन धड बोलली नाही मी त्या मानसासंग. थे इथी बसत अन् माह्याकडे पाहत, अन् मी उठून अंदर जात होती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं झालं असतं.

"चार दिवस आधी काहून नाही आली व बेटी?" ती म्हणाली. "मी बोलली असती त्यायच्यासंग."

चार दिवसांपूर्वी मी यवतमाळलाच होते. रविवार होता, काम काही नव्हतं.